कुंड्यांमधला चुरडा-मुरडा

मालधक्क्याच्या बांधावरचं गवत राखायचं होतं. त्याच्या मुळांनी माती धरून ठेवली होती. मारायचं होतं ते रुंद पानांचं तण.

०

बाटलीचं बूच नीट बसलं नव्हतं.

०

पान वरून पाहिलं तर पालथ्या चमच्यासारखं. खालून पाहिलं तर आवळलेल्या मुठीसारखं.

०

दुपारी पत्रा तापला की मांजरसुद्धा मोरीतून हलत नव्हतं.

०

"हात जड आहे तुझा."

०

डब्यात लावलेला मका सरळ उभा होता. त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

०

उजव्या खांद्यावर पट्ट्याचा वळ, डाव्या खांद्यावर पट्ट्याचा वळ, मधे पाठीवर टाकीचा ओला ठसा.

०

विसळलेलं पाणी फेकायचं नाही.

०

हे सगळं एकाच घरातलं, एकाच उन्हाळ्यातलं.

घर रोपं विकणाऱ्यांचं. पुढे दोन खोल्या, मागे भिंत घातलेलं अंगण, अर्ध्या अंगणावर हिरवी जाळी. माणसं तीन. सासू, सून आणि दोघींच्या मधला तो, एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा. एरवी या दिवसांत अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. या वर्षी नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढी धार. प्यायलाच पाणी नाही म्हटल्यावर रोपं कोण नेणार? अंगण रिकामं पडलं, आणि तो मालधक्क्यावर तणनाशक फवारायच्या कामाला लागला. पाठीवर पंप घेऊन जायचा, पंप घेऊन यायचा. गल्लीनं त्याला आठवड्याच्या आत पंप्या करून टाकलं. घरातही तेच चिकटलं. सासू मात्र ते नाव घेताना तोंड वाकडं करायची, कारण नावं ठेवायचा हक्क फक्त आपला, असं तिचं म्हणणं.

अंगणात उरलं ते घरापुरतं. दोन टोमॅटो, डब्यातला मका, आणि मिरच्या.

या मिरच्या दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या. बोटभर लांब, फिकट पिवळ्या, मानेशी सुरकुतलेल्या, पिकल्या तरी लाल न होता नारिंगीवर थांबणाऱ्या. सासू लग्न होऊन या घरात आली तेव्हा रुमालाच्या गाठीत बी घेऊन आली होती. दरवर्षी पेरायची ती, निवडायची ती, कुठलं फळ बियाण्याला ठेवायचं ते ठरवायची ती. सुनेनं माती चाळायची, कुंड्या उचलायच्या, बियांच्या बाटलीला हात लावायचा नाही. या वर्षी सासूच्या बोटांना कंप सुटला. बी चिमटीत धरलं की भलतीकडेच पडायचं. एका सकाळी तिनं बाटली सुनेच्या हातात दिली, तोंड फिरवलं आणि म्हणाली, "घे. सांभाळ."

बाटलीत ओल शिरली होती. बूच मागच्या वर्षी सासूनंच लावलं होतं. बुरशी न लागलेलं बी सुनेनं एकेक करून वेचलं आणि होतं तेवढं सगळं पेरलं. बाटली धुऊन पालथी घातली. आता जे काही होतं ते अंगणातल्या कुंड्यांत. ही रोपं फळाला आली नाहीत, पिकली नाहीत, तर ती मिरची संपली. आणि संपली ती सुनेच्या हातून, असंच घरात कायमचं म्हटलं जाणार होतं.

०

मोरीच्या दाराशी निळं पिंप. तांदूळ धुतलेलं पाणी त्यात, भाजी धुतलेलं त्यात, भांडी विसळलेलं त्यात. पाहुण्यानं पेल्यात घोटभर पाणी ठेवलं तर सासू ते त्याच्यादेखत उचलून पिंपात ओतायची. एकदा एका पाहुण्यानं लाजून पेला तिच्या हातातून परत घेतला होता आणि संपवला होता. "प्या की सावकाश," सासू म्हणाली होती, "झाडांना काय, ती थांबतील."

त्या पिंपातून झारी भरायची आणि कुंड्यांना घालायची.

०

पहिली पानं वळली तेव्हा सुनेला वाटलं, ऊन लागलं. तिनं कुंड्या ओढून जाळीखाली नेल्या. माती भरलेली कुंडी उचलत नाही. तिला मिठी मारून, गुडघ्यानं ढकलत न्यावं लागतं. पोटरीला कुंडीची कड घासून सालटं निघालं. सगळ्या हलवून झाल्या, आणि पानं आणखी वळली. मग देठ पिळले. शेंडा तर असा झाला की कुणी ओला दोरा पिळून उभा करून ठेवावा.

सासू कण्हत खाली बसली, एक पान उलटं करून पाहिलं.

"किती पाणी घालतेस?"

"रोजच्याएवढंच."

"रोजचं म्हणजे?"

"झारीच्या गळ्यापर्यंत. तुम्ही दाखवलंत तेवढं, आई."

"मी दाखवलं ते माझ्या हाताला. हात जड आहे तुझा. मुळं गुदमरली असणार."

"मुळं गुदमरली तर पानं पिवळी पडतात ना? ही तर हिरवीगार आहेत."

"बघ, मला शिकव आता."

"शिकवत नाही हो. विचारतेय."

"दे ती झारी इकडे."

तेव्हापासून पाणी सासू घालू लागली. थोडं थोडं, हाताच्या कंपामुळे निम्मं कुंडीत आणि निम्मं स्वतःच्या पायावर. सून दारात उभी राहून पाहायची. वाकून कुंडी सरळ करायला गेली तर, "राहू दे, मी आहे," असं ऐकायला मिळायचं. काही सकाळी अशा गेल्या. पानं सरळ झाली नाहीत. टोमॅटोचीही वळायला लागली.

मग एके दिवशी झारी पुन्हा सुनेच्या जागेवर, मोरीच्या खिळ्याला अडकवलेली दिसली. सुनेनं ती उचलून भरली.

०

औषधवाल्याच्या दुकानात तिच्याआधी तीन जण होते. ती ओल्या फडक्यात पानं गुंडाळून उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा फडकं वाळलं होतं.

त्यानं पान उजेडात धरलं.

"चुरडा-मुरडा."

"ते दिसतंय मला. कशानं?"

"पान वरच्या बाजूला वळलं तर फुलकिडे. खाली वळलं तर कोळी. हे खाली वळलंय."

"कोळी दिसला नाही मला. पानामागे काहीच नाही."

"दिसला तर तो कोळी कसला, ताई? भिंगाशिवाय नाही दिसत. गंधक घेऊन जा. ऊन उतरल्यावर मारा."

"भिंग आहे का तुमच्याकडे?"

त्यानं खण उघडला, बंद केला. "होतं. कुणीतरी नेलं."

गंधक मारून झालं. अंगणाला आगपेटीचा वास येऊ लागला, सासूला शिंका आल्या, पानं जशीच्या तशी.

०

जे सापडलं नाही:

फुलकिडे. कोळी, शेजारणीच्या चष्म्याची काच भिंगासारखी धरूनही. पांढरी माशी; कुंडी हलवली तर काहीच उडालं नाही. मावा, आणि मावा असला की देठावर लागतो तो चिकटपणा. मुंग्या. सडल्याचा वास. एक कुंडी तिनं आडवी करून मातीचा गोळा बाहेर काढला. मुळं पांढरी होती, टोकाशी थोडी सुजलेली, पण कुजलेली नाहीत. पिवळा चिकट कागद काठीला लावून मधोमध उभा केला होता. त्यावर धूळ मिळाली आणि सासूचा एक पांढरा केस.

०

भिंतीपलीकडे शेडवाला. त्याची शेड जाळीची, आत ढोबळी मिरची, बाहेर स्वतःची बोअर. माणूस वाईट नव्हता, पण बोलताना भिंतीवर कोपर टेकवायचा, जणू भिंत त्याच्या एकट्याची.

"वहिनी, किती दिवस बघतोय. हा व्हायरस आहे."

"कशावरून?"

"शेंडा बघा ना. माझी एक बॅच अशीच गेली होती. याला औषध नाही. उपटा आणि जाळा."

सासू आतून ओरडली, "काय जाळतोय रे?"

"मिरच्या, काकू."

"तुझ्या?"

"तुमच्या."

सासू भिंत धरत धरत बाहेर आली. "माझ्या मिरच्या तू कशाला जाळशील? तुझ्या शेडला दार आहे ना? लाव."

"हा रोग आणणारी पांढरी माशी दार वाजवून येत नाही, काकू. माझी नवी रोपं पुढच्या आठवड्यात येतायत. एकाला लागलं की अख्खी शेड बसते."

"आमच्याकडे माशीच नाही," सून म्हणाली. "मका बघा, सरळ आहे."

"व्हायरस मक्याला धरत नाही. मिरचीला धरतो."

"खिडकीतली कुंडी?"

एका कुंडीला तडा गेला होता म्हणून ती आत, सासूच्या खाटेजवळच्या खिडकीत ठेवली होती. तिला पाणी मिळायचं ते सासूच्या उशाशी असलेल्या पेल्यातलं, प्यायचं, रात्रभर उरलेलं. त्या रोपाचं एकही पान वळलं नव्हतं.

"आत माशी येत नाही. मी म्हणतो तेच झालं की नाही?" शेडवाल्यानं कोपर उचललं. "वहिनी, माझं ऐका. खिडकीतली एक ठेवा आणि बाकीच्या जाळा. रोपं आली आणि या कुंड्या इथेच असल्या तर मला येऊन उपटाव्या लागतील. मग आपलं बोलणं राहणार नाही."

तडा गेलेल्या कुंडीतलं एकच रोप, तेही सावलीत वाढून लांबुडकं झालेलं. त्याला एखादं फळ धरलं तर धरलं. सासू त्या संध्याकाळी जेवायला बसली आणि भात चिवडून उठली. ताट विसळलेलं पाणी मात्र तिनं पिंपात ओतलं.

सून म्हणाली, "आई, मी अजून बघते."

"बघ. तेवढंच राहिलंय."

०

पंप्या डबा विसरून गेला, म्हणून ती मालधक्क्यावर गेली. नाहीतर गेली नसती.

रुळांच्या कडेनं मातीचा बांध. वर ऊन, खाली खडी, खडीतून वर येणारी धग चपलेच्या तळव्यातून कळत होती. पंप्या लांब दिसत होता, तोंडाला फडकं, पाठीला पिवळी टाकी, डाव्या हातानं दांडा वरखाली, उजव्या हातात नळी. त्याची चाल बदललेली तिनं पहिल्यांदाच पाहिली. घरात तो असा चालत नव्हता. इथे प्रत्येक पाऊल टाकीला विचारून पडत होतं.

तो येईपर्यंत ती बांधाशी टेकली. पायाजवळ तणाचं एक झुडूप होतं. देठ पिळलेला. शेंडा ओल्या दोऱ्यासारखा. पान पालथ्या चमच्यासारखं.

तिनं ते उपटलं नाही. तिनं त्याच्या शेजारचं पाहिलं. तेही तसंच. त्याच्या शेजारचंही. आणि त्या सगळ्यांच्या मधून गवत, हिरवं, सरळ, वाऱ्याबरोबर हलणारं.

पंप्यानं टाकी उतरवली, फडकं सोडलं. "डबा आणलास? बरं झालं. पाणी आहे का त्यात?"

"हे असं कशानं झालंय?"

"काय?"

"हे."

त्यानं पाहिलं. "परवा मारलं इथे. आधी पिळतं, मग वाळतं. तेच तर काम आहे या औषधाचं."

"आणि गवत?"

"गवताला काही होत नाही. बांध धरून ठेवायचाय ना, म्हणून हेच देतात. रुंद पान तेवढं मरतं."

"मका गवतासारखाच असतो ना?"

"असेल. का?"

"पंप कुठे धुता तुम्ही?"

"घरी. इथे पाणी कुठलं? इथले सगळेजण घरीच धुतात."

"आणि धुतल्यावर?"

त्याचा चेहरा आधी खुलला. रोज दमून आल्यावर, पट्ट्यांच्या वळांवर घाम चुरचुरत असताना, इतर लोक पंप वरवर विसळून कोपऱ्यात फेकतात तेव्हा, हा तो नीट विसळायचा, नळीतून पाणी काढायचा, नोझल खोलून धुवायचा. "एक थेंब फेकत नाही मी," तो म्हणाला, "पुन्हा पुन्हा विसळतो आणि सगळं..."

मग तो थांबला. बांधाकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. खडीवर बसला, आणि खडी तापलेली आहे हे बसल्यावर कळून उठला.

"पिंपात," तो म्हणाला.

डबा त्यानं उघडला नाही. तिनं उघडून हातात दिला. "खा. उपाशी राहून काय होणार आहे?"

०

"पिंपाचं पाणी?" सासू म्हणाली. "त्या पाण्यावर हे अंगण उभं राहिलंय. हा स्वतः त्या पाण्यावरच्या भाज्या खाऊन एवढा झालाय."

"तेव्हा पंप नव्हता, आई."

"थोडंसं औषध. एवढ्या पाण्यात कुठे कळतंय?"

"मिरचीला कळतं."

"विषाचं पाणी पिंपात घालतं का कुणी?" सासू आता मुलाकडे वळली. "अक्कल कुठे ठेवली होतीस? लहान आहेस का?"

"विचारायचं तरी," सून म्हणाली. "रोज मी त्यातूनच झारी भरत होते. रोज, माझ्या हातानं."

पंप्यानं एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. काहीतरी म्हणणार होता. मग पंपाच्या झाकणाचा आटा तपासायला लागला, उघडून पुन्हा बसवला, उघडून पुन्हा बसवला.

"आणि हिचा हात जड म्हणून मी..." सासू पुढचं गिळून गेली. पेला उचलला, रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

०

शेडवाल्याला ते पटलं नाही. "बरं आहे तुमचं," तो म्हणाला. "जाळायचं टाळायला काहीही सांगाल."

"तुमच्याकडे घेवड्याची रोपं आहेत ना? दोन द्या. तुमचीच, तुमच्या शेडमधली."

"कशाला?"

"द्या तर."

दोन डबे. दोन्हींत शेडवाल्याच्या शेडमधली माती, शेडवाल्याची रोपं. एकाला पिंपाचं पाणी, दुसऱ्याला नळाचं. डबे तिनं मधल्या भिंतीवर ठेवले, त्याच्या कोपराच्या जागेवर, दोन्हीकडून दिसतील असे. पिंपाच्या डब्यावर कोळशानं फुली काढली. सासूनं स्वतःची खुर्ची भिंतीसमोर ओढली आणि दिवसभर बसून राहिली.

"काकू, काय राखण बसवलीय?"

"तू येऊन डबे बदलशील म्हणून."

"मी कशाला बदलू? हरलो तर माझंच बरं आहे. शेड वाचते."

"मग हर ना लवकर."

फुलीच्या डब्यातल्या घेवड्यानं आधी मान खाली घातली. मग त्याचं कोवळं पान कडेकडेनं आत गुंडाळलं, आणि देठ असा वळला की रोप मागे वळून कुणाला तरी पाहतंय. दुसरं रोप तसंच होतं, उलट एक पान जास्त. शेडवाल्यानं दोन्ही डबे हातात घेऊन बराच वेळ पाहिले. पालथी मूठ ओठांवर घासली.

"मग माझ्या त्या बॅचला काय झालं होतं?" तो म्हणाला. प्रश्न कुणाला होता ते कळलं नाही.

०

औषधवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला. "पाणी कुठलं घालता हे विचारायचं राहिलं की हो. सगळे नळाचंच घालतात, असं धरून चाललो."

"आता काय करायचं ते सांगा."

"याच्यावर उलटं औषध नाही. खाली भोक असलेल्या कुंड्या आहेत ना? स्वच्छ पाणी सोडा, खालून वाहू द्या, पुन्हा सोडा. वरची माती काढून टाका. कोळशाचा चुरा मिसळा, तो ओढून घेतो थोडंफार. खत अजिबात नको. वाकडे शेंडे खुडा, कळ्या खुडा. ज्याच्यात जीव असेल ते फुटेल. आणि यंदाच्या मिरच्या खाऊ नका."

"बी धरलं तर?"

"बी धरा. आधी फुटू तर द्या."

स्वच्छ पाणी. तो ते असं म्हणाला, जणू ते दुकानात पुढच्या फळीवर होतं.

०

पिंप काठोकाठ भरलेलं होतं. कित्येक दिवसांचं पाणी, तांदळाचं, भांड्यांचं, पंपाचं. ते ओतायचं होतं.

पंप्यानं पिंपाच्या कडेला हात घातले, पाय रोवले.

"कुठे ओततोस?" सासू.

"गटारात."

"भरलेलं पिंप गटारात?"

"आई, विष आहे ते."

"माहीत आहे मला, विष आहे. लोकांची घरं नळाकडे डोळे लावून बसलीत आणि तू पिंपभर पाणी गटारात ओतणार. आणि ते गटार जातं कुठे? पुढच्यांच्या परसात." ती पिंपासमोर उभी राहिली. उंचीला पिंपाएवढीच होती. "तिकडे बांधावर औषध कशात कालवता?"

"पाण्यात."

"ते पाणी कुठून येतं?"

"टँकरनं. पुरत नाही."

"मग हे ने. तण मारायचंय ना? त्याला काय फरक पडतो, भांड्यांचं आहे की टँकरचं?"

पंप्या उभाच राहिला. मग हसला. त्या उन्हाळ्यात तो घरात हसलेला सुनेनं पहिल्यांदाच पाहिला.

त्यानंतर सकाळी कामाला निघताना तो पिंपातून टाकी गाळून भरायचा आणि जड टाकी पाठीवर घेऊनच घराबाहेर पडायचा. आधी रिकामी न्यायचा, आता भरलेली. पट्ट्यांचे वळ सोलले, सुनेनं जुन्या चादरीचे तुकडे शिवून पट्ट्यांना लावले. गल्लीत लोक विचारायचे, "पंप्या, घरून डबा न्यायचा सोडून पाणी कशाला नेतोयस?" तो म्हणायचा, "आईनं दिलंय." शेवटचं पाणी संपलं तेव्हा पिंपही उचलून मालधक्क्यावर दिलं. पंप आता तिथेच धुतला जायचा, त्याच पिंपात, आणि ते पाणी पुन्हा औषधात.

मोरीच्या दाराशी गोल ओला डाग राहिला. सासू काही दिवस तिथे पेला घेऊन जायची आणि परत यायची.

०

कुंड्या धुवायच्या होत्या. घरात आंघोळ बादलीवरून ओल्या फडक्यावर आली. सासूनं स्वतःच्या वाटचं पाणी काढून ठेवलं आणि वर सांगितलं, "मला कोण हुंगायला येतंय?" तरी नळाच्या धारेनं एक-दोन कुंड्याच निघायच्या. तिसऱ्या सकाळी भिंतीवरून हिरवा पाइप आला, साप सोडावा तसा.

"थोडा वेळ सोडतो," शेडवाला पलीकडून म्हणाला. "माझ्या पाण्यानं वाचल्या तर बियांत माझा वाटा."

"वाटा देईन," सासू म्हणाली. "पेरशील कुठे? तुझ्या शेडला दारं आहेत, माझी मिरची कोंडलेली जगत नाही."

सुनेनं कुंडीमागून कुंडी विटांवर ठेवली, पाइप धरला. खालच्या भोकातून आधी काळं पाणी आलं, मग तांबूस, मग नितळ. ते अंगणात साचू नये म्हणून पंप्यानं चर खणला आणि अंगणाबाहेरच्या खडीच्या वाटेकडे वळवलं. बोटं आखडली, नखांत कोळशाचा चुरा गेला, कंबर सरळ होईना. सासू खुर्चीत बसून शेंडे खुडत होती. कंप असलेल्या हातानं वाकडा शेंडा बरोबर तुटायचा. कळी खुडायची वेळ आली की मात्र ती हात मागे घ्यायची आणि कुंडी सुनेकडे सरकवायची.

"तू खुड."

"तुम्ही खुडा की."

"मला नाही जमत ते. तू खुड."

०

बरीच रोपं गेली. आधी काळी पडली, मग वाकली. सुनेनं ती उपटली आणि शेडवाल्याच्या समोर जाळली, कारण त्याला एकदा काहीतरी जळताना बघायचं होतं. उरलेल्यांनी बराच काळ काहीच केलं नाही. नुसते खुंट. घरात मिरच्यांचा विषय निघेनासा झाला.

मग एका खुंटाच्या बेचक्यातून मोहरीएवढा हिरवा ठिपका आला. त्याचं पान उलगडलं तेव्हा सून त्याच्यापुढे उकिडवी बसून राहिली, दूध उतू गेलं तरी. पान लहान होतं. सपाट होतं. मधली शीर सरळ होती.

सासूनं ते बोटाच्या मागच्या बाजूनं चाचपलं, ताप बघावा तसं.

"झारी कुठाय?"

"खिळ्याला."

"मग घाल ना पाणी. माझ्याकडे काय बघतेस?"

०

फळं उशिरा धरली, ऊन मवाळ झाल्यावर. मोजकीच. फिकट पिवळी, मग मानेपासून नारिंगी. खिडकीतल्या लांबुडक्या रोपालाही एक लागलं. खायला कुणी तोडलं नाही. शेडवाला एकदा भिंतीवरून हात लांबवत होता, सासूनं चप्पल उचलली.

बियाण्याचं फळ निवडायच्या सकाळी सासू खुर्चीत बसली आणि कात्री मांडीवर ठेवली.

"कुठली ठेवायची?"

सुनेनं मागे वळून पाहिलं, आणखी कुणाला विचारलंय का म्हणून. मग तिनं एक दाखवली, पहिला ठिपका फुटला होता त्या रोपावरची.

"ती नको. मान आखूड आहे तिची."

"तीच."

"मी सांगतेय ना, आखूड आहे."

"असू दे, आई. ती मरून उठलीय."

सासूनं कात्री उचलली, बोटं थरथरली, कात्री सुनेकडे धरली. सुनेनं देठ कापला. मिरची सासूनं तळहातावर घेऊन इकडून तिकडे लवंडून पाहिली आणि वाळायला कागदावर ठेवली. नवं बूच पंप्यानं मालधक्क्यावरून येताना आणलं होतं. ते सुनेनं दोनदा दाबून बघितलं.

०

पंप पहिल्यांदा घरी आला त्या संध्याकाळी पंप्यानं मोरीतून ओरडून विचारलं होतं, धुतलेलं पाणी कुठे टाकू. सासू कपड्यांच्या घड्या घालत होती, सून भाजी निवडत होती. दोघी एकदमच म्हणाल्या होत्या, "पिंपात."